टेकडीसाठी फुल सस्पेन्शन फ्रेम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याच्या वेताळ टेकडीवर, तळजाईवर किंवा पाषाण-बाणेरच्या टेकड्यांवर सकाळी माउंटन बाइक चालवणारे दिसणे आता नेहमीचे झाले आहे. यांतले बरेच जण आधी काही वर्षे हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल चालवतात आणि मग मागेही शॉक असलेली फ्रेम घ्यावी, या विचारावर येतात. निर्णय लहान नाही. चांगल्या फ्रेमची किंमत सहज एखाद्या मोटरसायकलीच्या घरात जाते आणि चुकीची निघाली तर ती तोट्यातच विकावी लागते. तरीही ती निवडली जाते ऐकीव गोष्टींवर. दुकानदार एक सांगतो, बरोबरचे सायकलस्वार दुसरे सांगतात आणि परदेशी व्हिडिओ तिसरेच काही दाखवतात.

सांगणारे फसवत नसतात. बहुतेक वेळा माहिती खरीच असते, पण ती दुसऱ्या डोंगराची किंवा दुसऱ्या काळाची असते. कॅनडातल्या व्हिसलरच्या बाइक पार्कात सायकल लिफ्टने वर जाते आणि माणूस फक्त उतरतो. वेताळ टेकडीवर मात्र कोथरूडकडून चढा, पाषाणकडून चढा की गोखलेनगरकडून, दोनशे मीटरांच्या आसपासची चढाई स्वतःच्याच पायांनी करावी लागते. वाट बसाल्टच्या खडकावर पसरलेल्या सुट्या मुरमाची. मधूनच उघडे पडलेले दगड, गिरिपुष्पाच्या झाडीतली अरुंद वळणे, माथ्यावर बराचसा सपाट पट्टा, आणि तास-दीड तासात कामावर जाण्यासाठी खाली परत. फ्रेम घ्यायची आहे ती या वाटेसाठी, हे धरूनच पुढचे समज तपासायला हवेत.

"डबल शॉकअपची सायकल म्हणजेच फुल सस्पेन्शन. महागड्या फ्रेममध्ये नावापलीकडे काही नसते."

दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून हे पटते. मागे एक स्प्रिंग, फ्रेममध्ये एक सांधा, वर बसले की सायकल दबते. फरक आत आहे. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते. ती ऊर्जा जिरवण्याचे काम डॅम्परचे. डॅम्परमध्ये तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलले जाते, ऊर्जेची उष्णता होते आणि चाक ताब्यात राहून मूळ जागी येते. तेल गळून गेलेल्या शॉकअपची मोटरसायकल खड्डा संपल्यावरही दोन-तीनदा उसळत राहते. स्वस्त डबल शॉकअपची सायकल नवी असतानाच त्या अवस्थेत असते, कारण तिच्या शॉकमध्ये बहुधा डॅम्पर नसतोच. शिवाय तिचा मागचा सांधा बेअरिंगऐवजी साध्या बुशवर फिरतो आणि काही दिवसांत आडवा हलू लागतो. डांबरी रस्त्यावर हे दोष झाकले जातात, बसायला मऊ वाटते आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मुरमाच्या उतारावर मात्र मागचे चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि जमिनीवर नसलेल्या चाकाचा ब्रेक काही कामाचा नाही. त्याच पैशांत बऱ्यापैकी फोर्क असलेली हार्डटेल मिळते आणि टेकडीवर ती कितीतरी अधिक सुरक्षित असते.

"ट्रॅव्हल जितका जास्त, तितकी फ्रेम चांगली."

सगळ्यांत जास्त पैसे वाया घालवणारा समज हाच. ट्रॅव्हल म्हणजे धक्का बसल्यावर चाक जास्तीत जास्त किती वर सरकू शकते ते अंतर. साधारण हिशेब असा: क्रॉस-कंट्री सायकलींना १०० ते १२० मिलिमीटर, ट्रेल सायकलींना १२० ते १५०, एन्ड्युरोला १५० ते १८० आणि डाउनहिलला २०० च्या आसपास. मोठा आकडा मोठे धक्के पेलतो, तेव्हा मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा, असे वाटणे साहजिक आहे.

या समजाला जुना आधारही आहे. २६ इंची चाकांच्या काळात चाक लहान, हेड अँगल (हँडलच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन) उभा आणि स्टेम लांब असे. उतारावर चाक दगडाला अडून माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती खरी होती आणि तिच्यावर जास्त ट्रॅव्हल हाच हाताशी असलेला उपाय होता. आज ते काम बऱ्याच अंशी २९ इंची चाक आणि बदललेली भूमिती करते. मोठे चाक दगडावरून सहज जाते, कलता हेड अँगल पुढचे चाक माणसाच्या आणखी पुढे नेतो आणि तोल टिकतो. त्यामुळे १३० मिलिमीटरची आजची फ्रेम उतारावर १६० मिलिमीटरच्या कित्येक जुन्या फ्रेमपेक्षा स्थिर असते. ज्यांनी त्या जुन्या सायकलींवर शिक्षण घेतले, त्यांच्या सल्ल्यात १६० चा आकडा अजून राहिला आहे, इतकेच.

जादा ट्रॅव्हल फुकट मिळत नाही. तो पेलण्यासाठी फ्रेम जड होते, फोर्क जड होतो, टायरही जाड बसवावे लागतात. व्हीलबेस वाढतो, हेड अँगल ६४ अंशांपर्यंत किंवा त्याखाली कलतो. अशी सायकल वेगात आणि तीव्र, लांब उतारावर आपले गुण दाखवते. गिरिपुष्पाच्या झाडीतल्या आखूड वळणांत आणि सावकाश चढताना तिचे पुढचे चाक इकडेतिकडे भटकते आणि ते सावरण्यातच दम जातो. टेकडीवरचा उतार काही मिनिटांत संपतो. बाकी सगळा वेळ त्या जड फ्रेमला पेडल मारत न्यावे लागते.

आपल्याला किती ट्रॅव्हल लागतो हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. फोर्कच्या नळीवर आणि मागच्या शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. फेरीच्या सुरुवातीला ती खाली सरकवून ठेवावी, नेहमीच्या वाटेने नेहमीच्या वेगाने यावे आणि कडी कुठवर गेली ते पाहावे. हवेचा दाब नीट असताना कडी दोन-तृतीयांशाच्या पुढे कधीच जात नसेल, तर आहे तोच ट्रॅव्हल जास्त आहे. यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. नुसते सायकलवर बसल्यावर ट्रॅव्हलचा २५ ते ३० टक्के भाग दबलेला असणे योग्यच असते. याला सॅग म्हणतात. त्यामुळेच खळग्यात चाक खाली उतरून जमीन धरू शकते. १३० मिलिमीटरच्या फ्रेममध्ये हा भाग ३३ ते ३९ मिलिमीटर असतो. तो वाया गेला असे समजून हवा जास्त भरणारे पुष्कळ आहेत, आणि मग हेच लोक फ्रेम कडक असल्याची तक्रार करतात.

पुण्याच्या टेकड्यांसाठी मागे १२० ते १४० मिलिमीटर आणि पुढे तेवढाच किंवा १० मिलिमीटर जास्त फोर्क, हे प्रमाण बहुतेकांना पुरून उरते. वर्षातून अनेकदा मनालीच्या परिसरासारख्या लांब हिमालयीन उतारांवर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. वर्षातल्या एका सहलीसाठी मात्र उरलेले वर्ष जड फ्रेम ढकलणे शहाणपणाचे नाही.

"चढावर फुल सस्पेन्शन मागे पडते. ताकद शॉकमध्येच जाते."

१९९० च्या दशकातल्या सायकलींच्या बाबतीत हे खरे होते. प्रत्येक पेडलबरोबर मागचा भाग खाली-वर होत असे आणि थकवा दुप्पट वाटे. पण २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने पुरुषांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीचे सुवर्णपदक फुल सस्पेन्शन सायकलवर जिंकले, आणि २०१६ मध्ये रिओत स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरनेही. क्रॉस-कंट्री शर्यतीचा निकाल मुख्यतः चढावर लागतो. चढावर मागे पडणारी सायकल तिथे कोणी नेली नसती.

दरम्यान बदलले ते सांध्यांचे गणित. पेडल मारल्यावर सायकल पुढे झेपावते आणि शरीराचा भार मागच्या चाकावर येतो, म्हणून शॉक दबू पाहतो. सांध्यांची जागा अशी निवडता येते की चेनची ओढ त्याच क्षणी मागचा भाग ताणून धरते आणि दोन्ही जोर जवळजवळ फिटतात. याला अँटी-स्क्वॉट म्हणतात आणि चांगल्या फ्रेममध्ये सॅगच्या स्थितीत तो शंभर टक्क्यांच्या आसपास ठेवलेला असतो. पुढच्या दातेरी चक्राच्या आकारानुसार तो बदलतो. चक्र लहान केले की सहसा वाढतो. चढ सोपा व्हावा म्हणून ३२ दात्यांऐवजी २८ दात्यांचे चक्र बसवणाऱ्यांना पेडलला मागे झटका जाणवू लागतो, तो यामुळेच. दोष शॉकचा नसतो.

सुट्या मुरमाच्या चढावर तर चित्र उलटेच आहे. हार्डटेलचे मागचे चाक प्रत्येक दगडावर उसळते, पकड सुटते आणि पाय खाली टेकावा लागतो. मागचा शॉक चाकाला जमिनीवर धरून ठेवतो. म्हणून अशा चढावर शॉक लॉक करणेही चूक. लॉक हा डांबरी रस्त्यासाठी, म्हणजे घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंतच्या वाटेसाठी. त्या गुळगुळीत रस्त्यावर हार्डटेल अजूनही हलकी आणि वेगवान आहे, यात वाद नाही. ज्यांचे तीन-चतुर्थांश अंतर डांबरावर जाते त्यांनी हार्डटेलवरच राहावे.

"अमुक कंपनीची लिंकेजच सर्वोत्तम. साधा एक सांध्याचा प्रकार कालबाह्य झाला."

प्रत्येक कंपनी आपल्या रचनेला वेगळे नाव देते, आकृत्या छापते आणि बाकीच्या रचनांतले दोष दाखवते. इतके प्रकार आहेत म्हणजे त्यांतला एक खरा असणार, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ही विविधता पुष्कळशी पेटंटमुळे आली. होर्स्ट लाइटनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या होर्स्ट लिंक या रचनेचे हक्क १९९८ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने विकत घेतले. त्यानंतर अमेरिकेत ती वापरायची तर परवाना घ्यावा लागे किंवा वेगळा मार्ग शोधावा लागे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या या पेटंटची मुदत संपली आणि आज ही रचना कितीतरी कंपन्यांच्या फ्रेममध्ये दिसते. डेव्ह वीगल यांची डीडब्ल्यू-लिंक, सांताक्रूझची व्हीपीपी, जायंटची मायस्ट्रो या सगळ्या चांगल्या चालतात, आणि यांतल्या कोणत्याही रचनेची वाईट आवृत्तीही बनवता येते.

एकाच सांध्यावर फिरणाऱ्या फ्रेमला तर कालबाह्य म्हणणे अन्यायाचे आहे. ब्रिटनच्या यॉर्कशरमधली ऑरेंज ही कंपनी अनेक वर्षे अॅल्युमिनियमच्या एक-सांधी फ्रेम बनवत आली, आणि ओला चिखल हा तिथला बारमाही प्रश्न. सांधे कमी म्हणजे बेअरिंग कमी, झिजणारे भाग कमी. ब्रेक लावल्यावर अशा फ्रेमचा मागचा भाग थोडा कडक होतो, हा तिचा खरा दोष. पण जून ते सप्टेंबरच्या चिखलात सायकल चालवणाऱ्याला दोन बेअरिंगची फ्रेम आठ बेअरिंगच्या फ्रेमपेक्षा सोयीची ठरू शकते.

नावाऐवजी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे लिव्हरेज रेशो: चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक. १३० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि ५० मिलिमीटर स्ट्रोक असेल तर सरासरी २.६. तोच ट्रॅव्हल ४५ मिलिमीटरच्या स्ट्रोकमधून काढला तर सुमारे २.९. दुसऱ्या फ्रेममध्ये शॉकवर अकरा टक्के जास्त जोर पडतो आणि तितकी जास्त हवा भरावी लागते. ६० किलोच्या माणसाला याचा फरक पडणार नाही. ९५ किलोच्या माणसाला पडेल, कारण शॉकला हवेच्या दाबाची कमाल मर्यादा असते आणि इतक्या दाबावर धक्क्यानंतर चाक परत येण्याचा वेग आवरणेही कठीण जाते. वजनदार माणसाने कमी रेशोची फ्रेम शोधावी. रचनेच्या नावावरून होणाऱ्या वादांपेक्षा हा एक भागाकार जास्त उपयोगी आहे.

"कार्बन नाजूक असतो, दगड लागला की संपला. अॅल्युमिनियम आयुष्यभर पुरते."

दोन्ही अर्धी वाक्ये चुकीची आहेत. डाउनहिल शर्यतींत वापरली जाणारी सांताक्रूझची व्ही-१० कार्बनची आहे, आणि त्या शर्यतींतल्या उड्या व आपटणे पाहिल्यावर कार्बनला नाजूक म्हणता येत नाही. मात्र भीती अगदी निराधार नाही. अॅल्युमिनियमला मार लागला की पोचा दिसतो. कार्बनच्या थरांमधली फट बाहेरून दिसेलच असे नाही. न दिसणाऱ्या दोषाची धास्ती जास्त असते आणि बसाल्टचा धारदार तुकडा खालच्या नळीवर उडून बसल्याचा आवाज ती वाढवतो. नळीखाली रबरी किंवा प्लॅस्टिकचे संरक्षक कवच लावावे. शंकेच्या जागी नाण्याने टकटक करून पाहावे. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटले असतील तर बद्द येतो.

अॅल्युमिनियमचे आयुष्य मात्र खरोखर मर्यादित आहे. पोलादाला एक पातळी असते, जिच्या खालचा ताण कितीही वेळा आला तरी भेग पडत नाही. अॅल्युमिनियमला अशी पातळी नाही. लहान ताणही साठत जातात. म्हणूनच चांगल्या फ्रेम जाडीचा पुरेसा वाव ठेवून बनवल्या जातात आणि वर्षानुवर्षे टिकतात, पण जोडांपाशी केसाइतकी भेग दिसली की फ्रेम वापरातून काढावी. ती गल्लीतल्या वेल्डरकडे नेऊ नये. ६०६१ या मिश्रधातूला ताकद येते ती उष्णता-प्रक्रियेमुळे, आणि वेल्डिंगने ती प्रक्रिया त्या जागी पुसली जाते. भेग बुजलेली दिसते आणि शेजारची नळी कमकुवत झालेली असते. कार्बनची दुरुस्ती, जाणकाराने केली तर, याहून भरवशाची होते.

वजनाबद्दलची अपेक्षाही ताडून पाहावी. सारख्याच फ्रेमच्या कार्बन आणि अॅल्युमिनियम आवृत्त्यांत बहुधा अर्धा ते एक किलोचा फरक असतो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर ७०० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक टक्का. पंधरा मिनिटांच्या चढावर यातून वाचतात सात-आठ सेकंद. हौसेने कार्बन घ्यायला हरकत नाही. पण तेच पैसे चांगला शॉक, चांगले ब्रेक आणि टायर यांवर घातले तर सायकलमध्ये पडणारा फरक पहिल्याच उतारावर कळतो. मर्यादित पैशांत अॅल्युमिनियमच घ्यावे.

"उंचीवरून मीडियम की लार्ज ते ठरते, बाकी सीट वर-खाली करून जमते."

सीटने पायांची लांबी जमते, धडाची नाही. उभे राहून उतरताना सीटचा संबंधच उरत नाही. तेव्हा महत्त्वाचा असतो रीच, म्हणजे पेडलच्या अक्षापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. एका कंपनीच्या मीडियमचा रीच ४३५ मिलिमीटर असतो, दुसरीच्या मीडियमचा ४६०. अक्षर तेच, सायकल वेगळी. इंचांतली सीटट्यूबची लांबी हा तर रस्त्यावरच्या जुन्या सायकलींचा मापदंड. नव्या फ्रेममध्ये ती मुद्दाम आखूड ठेवतात, कारण उतारावर बटण दाबून खाली जाणारा ड्रॉपर सीटपोस्ट नळीत पूर्ण मावला पाहिजे. फ्रेम घेण्याआधी ही नळी आत किती खोल आणि सरळ आहे ते विचारावे. मध्येच वाकलेल्या नळीत १५० मिलिमीटरचा ड्रॉपर बसत नाही, आणि टेकडीवर ड्रॉपरचा उपयोग मागच्या जादा २० मिलिमीटर ट्रॅव्हलपेक्षा जास्त होतो.

चढासाठी सीटट्यूबचा कोन पाहावा. ७५ ते ७७ अंश असेल तर कंबर पेडलच्या वर राहते आणि उभ्या चढावर पुढचे चाक उचलले जात नाही. ७३ अंशांच्या जुन्या फ्रेमवर हेच चाक सतत उठते. हेड अँगल ६५ ते ६६.५ अंश इथे पुरेसा कलता आहे.

"नुसती फ्रेम घ्यावी, जुन्या सायकलचे पार्ट चढवावेत. अर्ध्या पैशांत काम होते."

हिशेब कागदावर बरोबर दिसतो आणि म्हणूनच पुष्कळ जण यात अडकतात. हार्डटेलची चाके, ब्रेक, गिअर चांगले आहेत, मग पुन्हा का घ्यायचे? पण मापे जुळली तरच. नव्या ट्रेल फ्रेमना मागे बहुधा १४८ मिलिमीटर रुंदीचा, १२ मिलिमीटर जाडीचा अॅक्सल लागतो. जुन्या हार्डटेलचे हब १३५ किंवा १४२ मिलिमीटरचे असते. नवी हेडट्यूब खाली रुंद होणाऱ्या फोर्कसाठी असते. जुना सरळ नळीचा फोर्क कपासाठी वेगळी कडी घेऊन बसवता आला, तरी त्याचा ८० किंवा १०० मिलिमीटर ट्रॅव्हल नव्या फ्रेमची भूमिती बिघडवतो. सीटपोस्ट ३०.९, ३१.६ की ३४.९, बॉटम ब्रॅकेट चुडीचा की दाबून बसवायचा, चेनची रेष जुळते की नाही, या प्रत्येक ठिकाणी आणखी खर्च निघतो. २६ इंची चाकाच्या रिमचे माप ५५९ मिलिमीटर आणि २९ इंचीचे ६२२. यांची अदलाबदल होतच नाही.

शिवाय कंपन्यांना पार्ट घाऊक दरात मिळतात, म्हणून पूर्ण सायकल बहुतेक वेळा सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा बरीच स्वस्त पडते. नुसती फ्रेम घेणे परवडते ते सध्याच्या सायकलवर १४८ चे हब, खाली रुंद होणारा १३० च्या आसपासचा फोर्क आणि नवे गिअर आधीच असतील तेव्हा. नाहीतर पूर्ण सायकल घ्यावी. चुडीच्या आणि दाबून बसवायच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये निवड करता येत असेल तर चुडीचा घ्यावा. तो पान्याने निघतो आणि पावसाळ्यानंतर सहसा करकरत नाही.

"लांब शॉक किंवा मोठा फोर्क बसवला की त्याच फ्रेमचा ट्रॅव्हल वाढतो."

२१० × ५५ मिलिमीटरचा शॉक २१० × ५० च्या जागी बोल्टला नेमका बसतो, म्हणून हे शक्य वाटते. पण ५ मिलिमीटरचा जादा स्ट्रोक २.६ च्या रेशोने चाकाला १३ मिलिमीटर जास्त वर नेतो, आणि तिथे सीटट्यूब किंवा लिंक आडवी येऊ शकते. मोठ्या धक्क्यात फ्रेम तिथेच फुटते. फोर्क २० मिलिमीटरने वाढवला तर हेड अँगल सुमारे एक अंश कलतो, सीटचा कोनही तितकाच मागे जातो आणि हेडट्यूबच्या जोडावरचा ताण वाढतो. कंपनीने लिहून दिलेल्या मर्यादेबाहेर वॉरंटी संपते.

"आपल्या पावसात आणि धुळीत फुल सस्पेन्शन टिकत नाही. बेअरिंगही परदेशातूनच मागवावी लागतात."

पावसाळ्यानंतर फ्रेम करकरू लागते हे खरे, म्हणून हा समज पसरला. कारण मात्र बहुधा पाऊस नसतो, धुलाई असते. गाड्या धुण्याच्या केंद्रावर जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरली की पाणी बेअरिंगच्या रबरी सीलमधून आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि थोड्याच दिवसांत गंज धरतो. साधी बादली, मऊ ब्रश आणि कमी दाबाचे पाणी पुरते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या धुळीत शॉकचा दांडा प्रत्येक फेरीनंतर फडक्याने पुसला तर सील टिकतात.

फ्रेमची बेअरिंग ही गूढ वस्तू नाही. ६८०२, ६९०२, ६००० अशा क्रमांकांची ती प्रमाण मापाची बेअरिंग असतात आणि मोटर-पंपांना लागणाऱ्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८ आणि जाडी ७ मिलिमीटर, मग दुकान कुठलेही असो. मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले मागावे. काही कंपन्या पिंजऱ्याशिवाय गच्च गोळ्या भरलेली बेअरिंग देतात. फ्रेमच्या सांध्यात ती जास्त टिकतात, कारण तिथे बेअरिंग पूर्ण फिरत नाही. काही अंशांतच मागेपुढे होते आणि भार मोजक्या गोळ्यांवर पडतो. परदेशातून मागवावे लागतात ते कंपनीचे खास बोल्ट, अॅक्सल आणि डिरेलर हँगर. तेव्हा फ्रेमबरोबर एक जादा हँगर घ्यावाच. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने आणलेला सर्वांसाठी एकच असा यूडीएच हँगर ज्या फ्रेमला आहे, तिच्याबाबत ही चिंताही कमी होते.

शॉकची निगा मात्र टाळता येत नाही. रॉकशॉक्स आपल्या अनेक शॉकसाठी हवेच्या भागाचे सील ५० तासांनी बदलायला सांगते. आठवड्यात तीन सकाळी टेकडीवर जाणाऱ्याचे ५० तास तीन-चार महिन्यांत भरतात. हे काम शहरात कोण करतो आणि सील-किट मिळते का, हे फ्रेम घेण्याआधीच पाहावे. कोणताही माहितगार मेकॅनिक जवळ नसलेल्या गावात राहणाऱ्याने हार्डटेल घेतली तर तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे.

मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेमपासून किमान ६ मिलिमीटर जागा हवी. काळी माती टायरला चिकटली की याहून कमी जागेत चाक अडते आणि नळीचा रंग खरवडला जातो. चिखल असताना टेकडीवर न जाणे हा आणखी चांगला उपाय. ओल्या वाटेवर टायरने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ बनते आणि वाट पायी चालणाऱ्यांसकट सगळ्यांसाठी खराब होते.

"सेकंड-हँड फ्रेम म्हणजे दुसऱ्याचा ताप विकत घेणे."

नीट तपासलेली तीन-चार वर्षांची फ्रेम हा पुष्कळांसाठी सर्वांत शहाणा सौदा असतो, कारण मधल्या काळात भूमितीत मोठा फरक पडलेला नाही. तपासणी अवघड नाही. शॉकमधली हवा पूर्ण सोडावी किंवा त्याचा एक बोल्ट काढावा आणि मागचे चाक हाताने पूर्ण ट्रॅव्हलभर वर-खाली न्यावे. हालचाल सलग आणि आवाजाशिवाय झाली पाहिजे. मग चाक धरून आडवे हलवावे. सांध्यात कटकट जाणवली तर बेअरिंग किंवा बुश गेले आहे. तेवढेच असेल तर ते बदलता येते, किंमत त्याप्रमाणे कमी करून घ्यावी. हेडट्यूबचा जोड, सीटट्यूब आणि आडव्या नळीचा जोड, सांध्यांभोवतीची वेल्डिंग आणि शॉक बसतो ती जागा, या चार ठिकाणी कापडाने पुसून उजेडात भेग शोधावी. नवा रंग दिलेली फ्रेम टाळावी. वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्याच मालकाला देतात, हेही किंमत ठरवताना धरावे. विकणारा शॉक सोडवून पाहू देत नसेल, तर ती फ्रेम घेऊ नये.